हसुरामचं लिंबू

फाशीची शिक्षा झालेल्या मुलाच्या आईनं मुलाच्या वकिलाला जेवायला काय करावं, हे पदीबायला कोणी शिकवलं नव्हतं. म्हणून तिनं सगळंच केलं. खाडीतल्या निवट्यांचं कालवण, तळलेली बोयटं, वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या, आणि वर घावनं. चुलीपुढं बसून ती एकीकडे रडत होती आणि दुसरीकडे सुनेवर ओरडत होती.

"मथुरे, भाकर करपली! माझ्या पोराचा जीव टांगनीला लागलाय नि तू भाकर करपवतेस!"

"आई, भाकर तुमच्या हातात हाय."

पदीबायनं हातातली भाकर बघितली, उलटली, आणि पुन्हा रडायला लागली.

मथुरीला रडू येत नव्हतं. आठ महिन्यांत ते आटून गेलं होतं. तिचा संसार झाला होता मोजून एक रात्र, आणि त्या रात्री नवरा हळदीचा थकलेला, पडल्या पडल्या घोरायला लागला होता. त्या एका घोरण्याच्या आठवणीवर ती खारी गावात सासर करून राहिली होती. मंगळवारी लग्न, बुधवारी सकाळी पोलीस. हळद उतरवायला हसुरामला पाटावर बसवला होता. तोंड पिवळंधमक, मांडीवर नवरदेवाची सुरी, सुरीच्या टोकाला लिंबू. हळद लागल्यापासून उतरेपर्यंत नवऱ्यानं लोखंड सोडायचं नाही, आणि लोखंडाच्या टोकाला लिंबू पाहिजेच, ही आपली रीत. आता पोलिसांची गंमत बघा. सोमवारी रात्री आठ वाजता वरसाव्याच्या तरीपाशी मिठाचे व्यापारी हरखचंदशेठ यांना कोणीतरी भोसकलं आणि त्यांची चांदीची पानपेटी पळवली. खाडीपार होडी नेणाऱ्या तरवाल्यानं लांबून पाहिलं. त्यानं जबानी दिली, 'पिवळ्या तोंडाचा माणूस, हातात सुरी.' पोलीस निघाले पिवळ्या तोंडाचा आणि सुरीवाला शोधायला. वैशाखात! ज्या महिन्यात भाईंदर ते घोडबंदर दर तिसऱ्या घरी एक पिवळा माणूस सुरी घेऊन बसलेला असतो! त्यातला पहिला सापडला तो आमचा हसुराम.

बाहेर ओटीवर जोमाकाका वकीलसाहेबांना केस समजावून सांगत होते. म्हणजे वकिलांचीच केस वकिलांना.

"मॅजिस्ट्रेटकडं आपून हरलो ता काय खरा हरना न्हाय," जोमाकाका म्हणाले. "तिथं खाली फक्त चाळनी. चाळनीतून सेशनला गेलो. सेशनला मात्र आपल्या बायकांनी घान केली."

जोमाकाका म्हणजे आंबो पाटलांचे धाकटे भाऊ. पाटील मोठे शिलोत्री, दोन मिठागरांचे मालक, पण आठ महिने आगरावर फिरकले नव्हते. आणि जोमाकाका आठ महिने ठाण्याच्या कोर्टातून हलले नव्हते. पुतण्यावर जीव होता हे खरंच, पण कोर्टावरही बसला होता. त्यांनी एक काळा कोट शिवला होता. कोर्टातले शिपाई त्यांना नमस्कार करायला लागले होते.

"घाण म्हणू नका, काका," टिपणीस वकील म्हणाले. साठीचे गृहस्थ, गोरे, कवळी लावलेले, आणि जेवणाचा वास आल्यापासून जरा अस्वस्थ. "त्या बायका खरंच बोलल्या. तीच तर पंचाईत."

झालं होतं असं. सोमवारी रात्री आठला हसुराम मांडवात हळद लावून घेत होता, एवढंच सिद्ध करायचं होतं. त्यासाठी घरच्या पाच बायका साक्षीला उभ्या केल्या. सरकारी वकिलांनी पहिल्या बाईला विचारलं, आठ वाजता आरोपीला पहिली हळद कोणी लावली? पदीबाय म्हणाली, मी, मी आईस. आरोपीची आत्या गोमीबाय पिंजऱ्यात आली. ती म्हणाली, पयला मान आत्याचा, मी लावली. मग नवघरच्या मावशीनं मान आपल्याकडं घेतला. गोडदेवच्या चुलतीनं घेतला. मुर्ध्याच्या मामीला तर सरकारी वकिलांनी काही विचारलंच नव्हतं, तरी ती जाता जाता सांगून गेली. जज्जसाहेबांनी निकालात लिहिलं, की ज्या पाच साक्षीदारांचं एका चिमटीभर हळदीवर एकमत होत नाही, त्यांच्यावर कोर्ट विश्वास ठेवू शकत नाही.

"मानापायी पोर घालवला," ओटीच्या कोपऱ्यातून आंबो पाटील म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

आतून लगेच पदीबायचा आवाज आला. "मी आईस हाय! मी का खोटा बोलू?"

आणि माजघरातून गोमीबायचा. "मी काय रस्त्यावरची हाय का गो?"

"बघा," जोमाकाका म्हणाले. "अजून अपील चालूच हाय."

पानं मांडली. पदीबाय वाढायला आणि गोमीबाय पंखा घेऊन वारा घालायला. गोमीबाय आंबो पाटलांची थोरली बहीण, विसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं तेव्हापासून याच घरात. हसुरामला तिनंच अंगाखांद्यावर वाढवला. लग्नात नवऱ्याची सुरी आणि लिंबू सांभाळायचं काम तिच्याकडं होतं, आणि घरात दुसरं कोणतंही काम तिला इतक्या थाटात कधी मिळालं नव्हतं.

टिपणीस वकील जेवायला बसले आणि त्यांच्या चेहऱ्यावर शांती पसरली. निवट्यांचं कालवण दोनदा घेतलं. बोयटाचा काटा न काटा कोरडा केला. मग म्हणाले, "वहिनी, तोंडी लावायला काही आंबट आहे का हो?"

पदीबाय आत पळाली. कैरीचं लोणचं संपलेलं. तिनं फडताळ धुंडाळलं, शिंकं धुंडाळलं, शेवटी भाताच्या कणगीमागं हात घातला तर एक छोटी बरणी लागली. मिठानं गच्च भरलेली, आणि मिठात एकच लिंबू. चांगलं मुरलेलं, तपकिरी. 'वन्सं लपवून खातात वाटतं,' ती मनात म्हणाली, आणि लिंबू उचलून वकिलांच्या पानात ठेवून आली.

गोमीबायचा पंखा थांबला.

"वारा घाला की हो, आत्याबाई," वकील म्हणाले. पंखा पुन्हा हलला, पण वकिलांच्या दिशेनं नाही.

"हां, तर हायकोर्ट," वकिलांनी भाकरीचा तुकडा मोडला. "फाशीवर हायकोर्टाचं शिक्कामोर्तब लागतं. तीन आठवड्यांनी सुनावणी. मीच उभा राहणार. पस्तीस वर्षं वकिली केली, हायकोर्टात खुनाच्या अपिलात बोललो नाही कधी. माझी बायको काल कोटाला इस्त्री करून बसलीय. पण आंबोशेठ, खरं सांगू? मुद्दा एकच आहे. लिंबू."

"लिंबू," जोमाकाका वजनदारपणे म्हणाले.

"सुरीवर रक्त सापडलं नाही. ठीक? आपल्या बाजूचं. पण सरकारी वकील म्हणाला, लिंबाच्या रसानं सुरी धुतली. आणि पंचनाम्यात काय लिहिलंय? 'सुरी एक, टोकास ताजे लिंबू एक.' ताजं! हळद सोमवारची आणि बुधवारी लिंबू ताजं कसं? म्हणजे मधे कोणीतरी जुनं काढलं. का काढलं? सुरी वापरायला काढलं. भोसकलं, रसानं धुतली, नवीन खोचलं." त्यांनी पानातलं लिंबू उचललं. "उत्तनचा तो इनास, पंच म्हणून सही करणारा, देवमाणूस, त्यालाही मी उलटतपासणीत पिळून काढला. तो म्हणे, साहेब, शपथेवर सांगतो, देठाला हिरवं पान होतं."

"इनासला आमी लग्नाला जेवाला बोलवलेला," पदीबाय म्हणाली. "कोलंबी खाऊन गेला नि पान सांगितला. आठ महिने त्याच्या घरची मासली घेतली न्हाय मी."

गोमीबायला पदीचं बोलणं ऐकू येत नव्हतं. तिला फक्त वकिलांचा हात दिसत होता. लिंबाच्या बुडाला काळी खोक होती. ती खोक तिला पाठ होती. आठ महिने रोज संध्याकाळी, घरात कोणी नसताना, ती कणगीमागं वाकून ती बघून यायची. बोल, गोमे, ती स्वतःला सांगत होती. आणि लगेच पदीचा आवाज कानात यायचा. पदी आत्ता ते बोलत नव्हती, तरी यायचा. वीस वर्षं, तीस वर्षं, मरेपर्यंत येणार होता. 'आत्यानंच घालवला पोराला.'

"मला जर ते पहिलं लिंबू कोणी आणून दिलं असतं ना," टिपणीस वकील म्हणाले आणि लिंबाचा अर्धा भाग तोंडात घालून चावले, "तर मी हसुरामला चार दिवसांत..."

"थुका!"

वकिलांनी घास तसाच धरला.

"थुका म्हनतंय ना! वकीलसाहेब, थुका! गिळलात तर पोर मेला माझा!" गोमीबायनं पंखा टाकला, वकिलांचं मानगूट धरलं आणि पाठीत असा रपाटा घातला की लिंबू पानात आणि कवळी कालवणात.

"अगो, येडी जाली का काय!" पदीबाय किंचाळली. "वकिलाला मारते! आता आपली केस कोन चालवील!"

गोमीबाय खाली बसली. मग मात्र ती थांबली नाही.

"ता लिंबू हसुरामचा हाय. पयला लिंबू. बुधवारी फाटे मी उठवाला गेली, तर सुरी उशाशी नि लिंबू चटईवर पडलेला. सुकलेला. हलद उतरली न्हाय नि लिंबू पडला! माझ्या छातीत धस्स जाला. कोनी बघाच्या आत परड्यातना पानासकट नवा लिंबू तोडला नि खोचला. जुना टाकू कसा? हलदीचा लिंबू खाडीत सोडाचा असतो, तो पन हलद उतरल्याव. म्हनून मिठात ठेवला. नि तासाभरात पोलीस आले." तिनं पदर तोंडाला लावला. "मना वाटला, लिंबू पडला म्हनून आले. माज्यामुलं आले."

पदीबाय पळी हातात घेऊन उभी होती.

"आठ महिने," ती म्हणाली. "माझ्या लेकराच्या गल्यात दोरी, नि आठ महिने तुमी गप? कशापायी?"

"तुझ्या जिभेपायी."

"माझ्या?"

"व्हय. तू कदी ऐकली न्हाईस तुजी जीभ. मी ऐकतंय तीस वरसा. गाय आटली तर माज्या पायगुनानं. आगराचा बांध फुटला तर माज्या पायगुनानं. पोर फासावर गेला असता तर तू काय बोलली असतीस गो?"

पदीबायनं तोंड उघडलं. सगळ्यांना वाटलं, आता घर पेटतं. आंबो पाटील तर अर्धे उठलेच. पदीबायनं तोंड मिटलं. मग पळी भांड्यात ठेवून ती गोमीबायशेजारी फतकल मारून बसली आणि म्हणाली, "तेच बोलली असती. मेली मी एक नंबरची कैदाशीन हाय." आणि दोघींनी एकमेकींच्या गळ्यात पडून असा गळा काढला की शेजारची कुत्री भुंकायला लागली.

पण मथुरी मात्र पानापाशी गेली. तिनं कालवणातून कवळी काढून, धुऊन, वकिलांच्या हातात दिली. मग लिंबू उचलून उजेडात धरलं.

"वकीलसाहेब, ह्या बगा. आमच्या घरी विळीनं लिंबू कापून ठेवला तर विळी काळी पडते. लिंबू पन काळा पडतो. लगेच न्हाय पडत इतका. ह्या आतपर्यंत काळा हाय, सुरीच्या पात्यासारखा, टोकाला वाकडा. आमच्या सुरीचा टोक वाकडाच हाय. ह्याच्यात सुरी दीड दिवस ऱ्हायली असंल तरच असा व्हईल. मग मधी कोनी काढून खून कसा केला?"

टिपणीस वकिलांनी कवळी बसवली. लिंबू घेतलं, उलटसुलट केलं.

"पोरी," ते म्हणाले, "तू कुठं शिकलीस?"

"कुठं न्हाय. भाकरी करतंय."

"मुद्देमाल!" जोमाकाका ओरडले, आणि धावत जाऊन पितळी गंज आणला, लिंबावर पालथा घातला, आणि त्यावर स्वतः बसायला निघाले. आंबो पाटलांनी त्यांना ओढून बाजूला केलं. भावाला लिंबावर बसू दिलं असतं तर केस तिथंच आटोपली असती.

वकील हसत नव्हते. ते गंजाकडं बघत होते.

"एक घोटाळा आहे. त्याच्यावर दात उमटलेत."

"कोनाचे?" जोमाकाका म्हणाले.

"माझे, काका. तुम्ही इथंच बसला होता. सरकारी वकील पहिला प्रश्न विचारील, हे कोणी चावलं? कोणीतरी शपथेवर सांगायला पाहिजे. आणि जो वकील साक्षीदार होतो, त्याला ती केस चालवता येत नाही." त्यांनी धोतराला हात पुसले, पुन्हा पुसले. "वकीलपत्र दुसऱ्याला द्यावं लागेल. मी पिंजऱ्यात उभा राहीन आणि कवळी काढून दाखवीन."

"नि इस्त्री केलेला कोट?" मथुरीनं विचारलं.

"पिंजऱ्यातही कोट चालतो," टिपणीस वकील म्हणाले. "आता ते लिंबू कुणी खाऊ नका म्हणजे झालं." त्यांना वाईट वाटत होतं, ते लपत नव्हतं. पण घावनं आली तेव्हा त्यांनी तीन खाल्ली.

मुंबईच्या हायकोर्टात दोन जज्जांनी अर्ज वाचला. एकानं चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग हुकूम निघाला, की ठाण्याच्या कोर्टानं लिंबाबद्दल जादा पुरावा घेऊन पाठवावा. माघात पुन्हा सगळे ठाण्याला. लिंबू काचेच्या बरणीत, बरणी जोमाकाकांच्या काळ्या कोटाच्या आत. रासायनिक तज्ज्ञ आला. त्यानं सांगितलं, लोखंडाचा डाग, एका दिवसाहून कमी नाही. सुरी लिंबात घालून बघितली, वाकड्या टोकासकट बसली. टिपणीस वकिलांनी कवळी काढून दाखवली आणि त्यानंतर दिलेली साक्ष कोणालाच समजली नाही, ती लिहून घ्यावी लागली. तरवाल्याला नव्या वकिलानं विचारलं, त्या आठवड्यात पिवळ्या तोंडाचे किती दिसले? तो बोटं मोजायला लागला, आणि दोन्ही हात संपल्यावर थांबला.

गोमीबाय पिंजऱ्यात चढली. लिंबाचं सगळं सांगितलं, न रडता. मग सरकारी वकील उठले. त्यांना वाटलं, ही बाई एकदा सापडली होती, पुन्हा सापडेल.

"मागच्या वेळी शपथेवर सांगितलंत, पहिली हळद तुम्ही लावली. खरं की खोटं?"

मागं बाकावर पदीबाय बसली होती. गोमीबायनं तिच्याकडं पाहिलं.

"खोटा," ती म्हणाली. "मान मना पायजे व्हता म्हनून बोलली. मी रांड बाई, मना कोन हलद लावाला देतो सायेब? मी मांडवाच्या खांबाशी, हलद लावून होईस्तवर त्याची सुरी धरून उभी व्हती. म्हनूनच सांगतंय. बाकीच्या हलदीकडं बगत व्हत्या. मी एकटी त्याच्याकडं बगत व्हती. आठच्या आधीपासना दहापर्यंत. पोर तिथंच व्हता."

मग मागून पदीबाय उठून उभी राहिली. "सायेब, माझा पन खोटा! पयली नवघरवालीनं लावली!" नवघरची मावशी म्हणाली, छे, मी न्हाय, मुर्ध्याचीनं. मुर्ध्याच्या मामीनं गोडदेवकडं बोट केलं. शिपाई 'गप, गप' करत धावला. जज्जसाहेबांनी कपाळाला हात लावला, पण या वेळी ते हसत होते असं जोमाकाका आजही सांगतात.

फाल्गुनात हायकोर्टानं हसुरामला सोडलं. सुरी आणि लिंबू मालकास परत, असा हुकूम.

तो घरी आला तेव्हा उन्हं तापली होती. आठ-दहा महिन्यांत अर्धा झालेला, गोरा पडलेला. मथुरी दारात उभी होती आणि त्याला ओळखायला तिला क्षणभर वेळ लागला. बघायला मिळालाच कुठं होता! हळद अजून उतरवायची राहिली होती म्हणून पाट मांडला. अंगावर हळदीचा ठिपका नव्हता, मग आधी लावायची आणि मग उतरवायची, असं ठरलं. वाटी मध्ये ठेवली. पाचही जणी जमल्या, आणि कोणीच हात पुढं करेना.

गोमीबाय लांब खांबाशी उभी होती, सुरी धरून, टोकाला ते दातांच्या खुणांचं लिंबू. पदीबाय उठली. तिच्या हातातली सुरी काढून मथुरीकडं दिली, गोमीबायचं मनगट धरलं आणि ओढत पाटापाशी आणलं.

"लावा वन्सं. पयला मान तुमचा."

"येडी काय? माझा हात हलदीला..."

"ह्याच हातानं पोर वाचवला. लावा."

"माझा न्हाय, तुजा मान. तू आईस."

"तुमचा म्हनते ना!"

"मी न्हाय लावनार!"

"मग मी पन न्हाय!"

पाटावर बसलेला हसुराम एकदा आईकडं बघे, एकदा आत्याकडं. तुरुंगात त्याला रोज या भांडणाचीच स्वप्नं पडत होती. शेवटी त्यानं वाटी उचलली, आत्याचे दोन्ही हात धरून हळदीत बुडवले आणि आपल्या गालांवर घट्ट दाबून धरले. गोमीबायला हात सोडवता येईना. तिनं सोडवायचा फारसा प्रयत्नही केला नाही.

"आता लवकर उतरवा," हसुराम म्हणाला, पिवळ्या तोंडानं, डोळे पुसत. "पुन्हा पोलीस येतील."